घरचे जेवण आणि रोजची वाइन : देवगडच्या स्वयंपाकघरातील प्रकल्प नोंदी, २०२५

१२ जानेवारी २०२५, रविवार

नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात सव्वीस वर्षे गेल्यानंतर आम्ही उभयता गेल्या दिवाळीपासून देवगड तालुक्यातील घरी कायमचे राहावयास आलो, तेव्हा सामानासोबत दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे प्रयोगशाळेतील जुना तापमापक आणि दुसरी म्हणजे रात्रीच्या जेवणाबरोबर अर्धा ग्लास वाइन घेण्याची सवय. नाशिकमध्ये या सवयीचा कधी विचार करावा लागला नव्हता. येथे पहिल्याच आठवड्यात, तिथे रोज घेत होतो तीच वाइन माशाच्या साराबरोबर पाणचट, आणि दुसऱ्या दिवशी बांगड्याबरोबर चक्क घाणेरडी लागली. हा फरक कशामुळे पडतो आणि आमच्या घरी जे रोज शिजते त्यातील कोणत्या पदार्थाशेजारी कोणती साधी वाइन ठेवावी, एवढेच या नोंदवहीत तपासायचे आहे.

माशाबरोबर पांढरी आणि मटणाबरोबर लाल हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम येथे फारसा उपयोगी पडणार नाही, असा माझा आरंभीचा अंदाज आहे, कारण आमच्याकडे एकच सुरमई एकाच दिवशी रवा लावून तळलेली आणि सोलांच्या (आमसुलांच्या) सारात उकळलेली अशा दोन रूपांत ताटात येते आणि ती दोन रूपे चवीला एकमेकांची नातेवाईकही वाटत नाहीत.

अटी पुढीलप्रमाणे ठरल्या. वाइनसाठी स्वयंपाक बदलायचा नाही; ही अट मोठ्या जाऊबाईंनी घातली, आणि स्वयंपाकघर त्यांचे असल्यामुळे तीवर चर्चा झाली नाही. बाटलीची किंमत नऊशे रुपयांच्या आत असावी. चव घेणारे तिघे : मी, यजमान आणि थोरले भावोजी. प्रत्येकी ७५ मिलिलिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरची बाटली तीन बैठकांना पुरते आणि उघडल्यापासून तिसऱ्या दिवशी संपते. त्यापुढे फ्रीजमध्येही तिचा ताजेपणा टिकत नाही. सासूबाई वाइन घेत नाहीत, परंतु प्रत्येक ग्लासाचा वास घेऊन मत देण्यास त्यांनी संमती दिली आहे.

बाटल्या कणकवलीहून आणल्या. गोवा येथून जवळ आणि तेथे दारू स्वस्त, म्हणून येणारे-जाणारे पाहुणे नेहमी तोच मार्ग सुचवतात. पण वाहतुकीच्या परवान्याशिवाय गोव्यातील बाटली हद्दीच्या अलीकडे आणणे हा गुन्हा आहे आणि साडेआठशेच्या बाटलीसाठी तपासणी नाक्यावर उभे राहण्याचे आमचे वय नाही. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्याचा परवानाही लागतो. तिघांचेही परवाने काढलेले आहेत.

कपाटात सध्या पुढील साठा आहे : किंचित गोडसर शेनिन ब्लाँ आणि कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, सोव्हिन्यॉन ब्लाँ या दोन पांढऱ्या, झिनफँडेल द्राक्षाची रोझे ही गुलाबी आणि शिराझ ही लाल. सर्व नाशिक भागातील आहेत. पांढऱ्या वाइनच्या बाटलीवरील वर्ष मी मुद्दाम २०२४ चे निवडले. आपल्याकडे द्राक्षवेलीची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, त्यामुळे ही वाइन आज साधारण वर्षभराची आहे. सुला या कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली तेव्हापासून नाशिकच्या या स्वस्त पांढऱ्या वाइन ताज्याच प्यायच्या असतात, आणि दुकानदार जुने वर्ष 'मुरलेले' म्हणून देऊ लागला तर ते घेऊ नये.

१९ जानेवारी, रविवार

ताट : तळलेली सुरमई, सुरमईचे सार, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. वाइन : सोव्हिन्यॉन ब्लाँ, १० अंश. खोलीचे तापमान २६ अंश.

तळलेल्या तुकडीला मीठ, हळद, तिखट आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) चोळून वर रवा व तांदळाचे पीठ लावले होते. पहिला घास आणि पहिला घोट यांत तिघांचेही एकमत झाले. एरवी आपण तळलेल्या माशावर लिंबू पिळतो ते काम येथे वाइनचा आंबटपणा करतो. तेलाचा थर जिभेवरून निघून जातो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. या द्राक्षाला असलेला हिरव्या मिरचीच्या देठासारखा वास कोथिंबीर-मिरचीच्या स्वयंपाकात परका वाटत नाही, हे भावोजींचे निरीक्षण मी येथे जसेच्या तसे नोंदवते.

त्यानंतर भात आणि सार आले आणि तीच वाइन मेली. मेली हा शब्द कठोर असला तरी दुसरा सुचत नाही : वास राहिला, चव गेली, थंड पाण्यात लिंबाची साल बुडवून ठेवावी तसे काहीतरी उरले. कारण सोपे आहे. आंबट खाल्ल्यानंतर जीभ आंबटाला सरावते, आणि जिभेला आधीच एवढा आंबटपणा मिळालेला असेल तर त्याहून कमी किंवा तेवढाच आंबट असलेला दुसरा पदार्थ निर्जीव वाटतो. लिटमसपेक्षा बरा असा सामूचा (pH मोजण्याचा) कागद माझ्याजवळ आहे; त्यावर आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. त्यावर वाइन तीनच्या किंचित वर दिसली आणि आगळ तिच्या बरेच खाली गेले. सारात आगळ पातळ झालेले असते हे खरे, पण सारात मीठ, तिखट आणि नारळाचे वाटपही असते, आणि या सगळ्यांपुढे पांढऱ्या वाइनचा आवाज चढत नाही.

सासूबाईंनी ग्लासाचा वास घेतला आणि विचारले, "ह्या तर आधीच आंबट आसा, मगे सारात सोलां कित्याक घातलंस?" रसायनशास्त्राच्या एका पानाचे काम या एका प्रश्नाने केले. एका घासात आंबटाचा मान एकालाच मिळतो.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, जिचा चवीशी संबंध नाही. भात कालवल्यानंतर उजवा हात भरलेला असतो, ग्लास डाव्या हाताने उचलावा लागतो, आणि प्रत्यक्षात तो कोणीही उचलत नाही. भात सुरू झाल्यापासून जेवण संपेपर्यंत तिघांच्या ग्लासांतील पातळी हलली नाही. तळलेल्या तुकडीच्या वेळी मात्र ते अर्धे झाले होते.

२ फेब्रुवारी, रविवार

ताट : बांगड्याचे तिखले, भाकरी. वाइन : शिराझ, १८ अंश.

आजचा प्रयोग अपयशी ठरेल हे ठाऊक असूनही केला, कारण अपयश कोणामुळे येते ते पाहायचे होते. पहिल्या घोटानंतर तोंडात गंजलेला खिळा ठेवल्यासारखी चव आली आणि पाठोपाठ बांगडा शिळा असल्याचा भास झाला. बांगडा सकाळी रापणीतून निघालेला होता, त्यामुळे त्याच्यावर संशय घेण्याचे कारण नव्हते.

या चवीचा उलगडा जपानी संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात सापडतो. त्यांनी अनेक वाइन सुकवलेल्या शिंपल्याबरोबर चाखून पाहिल्या आणि वाइनमध्ये लोहाचे प्रमाण जितके अधिक तितका हिवसपणा (माशाचा उग्र वास) अधिक, असे त्यांना आढळले. लोह बांधून ठेवणारे द्रव्य मिसळल्यावर तो कमी झाला. माशातील स्निग्ध पदार्थांवर लोहाची क्रिया होऊन हिवस वासाची संयुगे तोंडातच तयार होतात. लाल वाइनमध्ये लोह बहुधा जास्त असते आणि बांगडा, पेडवे, तारली हे आपल्याकडचे सर्वांत तेलकट मासे. म्हणजे लाल वाइन आणि बांगडा ही जोडी अगदी मुळापासून बिघडलेली आहे. लोहाचे प्रमाण द्राक्षाबरोबरच माती आणि भांडी यांवरही ठरत असल्याने एखादी लाल वाइन यातून सुटूही शकेल, परंतु ते बाटलीवर लिहिलेले नसते.

तिखल्यात तिरफळेही होती, म्हणून दोष त्यांचा की लोहाचा, हा प्रश्न उरला. जाऊबाईंनी बाजूला ठेवलेले दोन बांगडे केवळ मीठ-हळद-तिखट लावून तळून दिले आणि आम्ही तीच शिराझ पुन्हा घेतली. खिळ्याची चव पूर्ववत आली. तिरफळे निर्दोष सुटली.

मात्र त्यांचा दुसरा गुन्हा सिद्ध झाला. तिरफळ हे चिनी स्वयंपाकातील सिचुआन मिऱ्याचे सख्खे भावंड आहे आणि जिभेला मुंग्या आणून ती बधिर करणारे द्रव्य दोघांतही असते. तिखल्याच्या रसाचे दोन घास घेतल्यानंतर शेनिन ब्लाँचा घोट घेतला तेव्हा वास जवळजवळ नाहीसा झाला होता आणि केवळ थंडपणा व थोडी गोडी एवढेच जाणवले. पंधरा मिनिटांनी चव परत आली. तोपर्यंत भाकरी संपली होती. निर्णय असा की तिखल्याबरोबर पाणी प्यावे. "तिरफळाक कोणय जोडीदार लागणा नाय," असे जाऊबाई म्हणाल्या, आणि त्यात थोडा अभिमानही होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

ताट : कोंबडी-वडे, कांदा. वाइन : शिराझ आणि रोझे, शेजारीशेजारी.

मांसाहाराबरोबर लाल वाइन या नियमाला आज संधी दिली. शिराझ १७ अंशांवर आणली होती. सुरुवात चांगली झाली. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटप, लवंग, मिरी, दगडफूल यांच्याशी या द्राक्षाचा मिऱ्यासारखा वास जुळतो आणि पहिल्या दोन घोटांत यजमानांनी विजय घोषितही केला. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणाऱ्या टॅनिनचा तुरटपणा लाळेतील प्रथिनांना धरून जीभ कोरडी करतो, परंतु कोंबडीचा रस्सा आणि खोबऱ्याचे तेल त्याला वाटेत गाठतात, त्यामुळे तो बोचत नाही.

चौथ्या घासाला गणित बदलले. मालवणी मसाल्याचा तिखटपणा साचत जातो. पहिल्या घासाला तो जाणवत नाही आणि नंतर हटत नाही. मिरचीतील कॅप्सेसिन जिभेवरील ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या घटकाला) उद्दीपित करते तोच ग्राही प्रत्यक्ष उष्णताही ओळखतो. एरवी तो साधारण ४२ अंशांना जागा होतो, पण अल्कोहोलच्या संपर्कात त्याची मर्यादा ३४ अंशांच्या आसपास उतरते. म्हणजे आपल्या शरीराचे स्वतःचे तापमानच त्याला भाजल्यासारखे वाटू लागते. साडेतेरा टक्के अल्कोहोलची शिराझ ही तिखट रश्श्यावर ओतलेले रॉकेल ठरली. भावोजींच्या कपाळावर घाम आला आणि त्यांनी ग्लास दूर सारून वड्याचा कोरडा तुकडा तोंडात टाकला.

रोझेबाबत मला पूर्वग्रह होता. नाशिकमध्ये ती लग्नाच्या स्वागत समारंभातील पेय म्हणून पाहिली होती. तो पूर्वग्रह येथे मागे घेते. ९ अंशांवर थंड केलेल्या झिनफँडेल रोझेमध्ये टॅनिन जवळजवळ नसते, अल्कोहोल थोडे कमी असते आणि थोडी साखर शिल्लक असते. या तिन्ही गोष्टी तिखटाच्या बाजूने भांडत नाहीत. वड्यातील मेथी आणि बडीशेपेचा वास तिच्यासोबत उलट खुलला. जाऊबाईंनी प्रथमच स्वतःहून अर्धा पेला मागितला, तोही स्टीलच्या पेल्यात. स्टीलच्या पेल्यात वास कोंडून राहत नाही असा आक्षेप मी नोंदवला, परंतु तो पेला हातात लगेच थंड लागतो आणि त्यांना तेच हवे होते.

९ मार्च, रविवार

ताट : ओल्या काजूगरांची उसळ, घावणे, कैरीचे लोणचे. वाइन : शेनिन ब्लाँ, १० अंश.

आजची नोंद सविस्तर करते, कारण या प्रकल्पातील सर्वांत चांगला अर्धा तास आजचा होता आणि तो शाकाहारी होता.

ओले काजूगर फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतच मिळतात. हिरव्या बियांचा चीक हात भाजतो, म्हणून बोटांना तेल लावून, कोयत्याने बी चिरून, गर काढून, गरम पाण्यात टाकून त्यावरील साल काढावे लागते. पावशेर गर काढायला दोन माणसांचा दुपारचा वेळ जातो. एवढ्या कष्टाच्या पदार्थात जाऊबाई मसाला जपून घालतात. ओल्या नारळाचे वाटप, धणे, थोडी हळद, दोनच बेडगी मिरच्या आणि वरून ताजे खोबरे. सोलांचा किंवा चिंचेचा स्पर्श नाही. शेवटी गुळाचा लहानसा खडा.

म्हणजे या ताटात आंबटाची जागा रिकामी होती. १९ जानेवारीला सासूबाईंनी जो प्रश्न विचारला होता त्याचे उत्तर येथे मिळाले : पदार्थात आंबट नसेल तर वाइनने ते आणावे. शेनिन ब्लाँ हे मूळचे फ्रान्समधील लुआर नदीच्या खोऱ्यातील द्राक्ष, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की उष्ण प्रदेशातही त्याचा आंबटपणा टिकून राहतो. नाशिकमध्ये ते इतके रुजले त्याचे हेही एक कारण असावे. ओल्या काजूचा दुधाळ, किंचित गोड गर आणि नारळाची स्निग्धता यांवर तो आंबटपणा हलकेच चालत गेला. वाइनमध्ये उरलेली थोडी साखर गुळाच्या खड्याला पुरेशी ठरली. पूर्ण कोरडी वाइन येथे गुळामुळे कडसर लागली असती, आणि पडताळ्यासाठी सोव्हिन्यॉनचा एक घोट घेतल्यावर ती तशीच लागली.

लोणच्याची फोड चुकून तोंडात गेल्यावर सर्व बिघडले. लोणचे, मीठ-मिरची आणि कोशिंबिरीतील लिंबू यांनाही वाइनच्या घोटापासून दूर ठेवावे लागते, हे येथे नोंदवते. ताटाची डावी बाजू वाइनची शत्रू आहे.

काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या हा प्रयोग २३ मार्चला केला. रोझे बरी लागली, शिराझही चालली. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

२० एप्रिल, रविवार

आज पदार्थाची नोंद नाही. आज तापमानाची नोंद आहे.

सायंकाळी सात वाजता माजघरात ३३ अंश. परदेशी पुस्तकांतून 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे वाक्य आपल्याकडे जसेच्या तसे आले आहे; ती खोली युरोपातील दगडी घराची, १६ ते १८ अंशांची असते. आमच्या माजघराच्या तापमानाला शिराझ म्हणजे गरम काढा होतो, अल्कोहोलची वाफ नाकात जाते आणि फळाचा वास शिजल्यासारखा येतो. येथे लाल वाइनही अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवावी लागते, आणि त्यात कोणताही कमीपणा नाही.

ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्यावर ठेवण्याचा देशावरील उपाय येथे करून पाहिला. नाशिकला एप्रिलमध्ये या उपायाने माठाचे पाणी गारेगार होते, पण समुद्रकाठच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. पाऊण तासात बाटली केवळ तीन अंशांनी उतरली. बर्फ, पाणी आणि मूठभर जाडे मीठ घातलेल्या बादलीने तेच काम पंधरा-वीस मिनिटांत चोख केले. मासे ठेवायला आणलेला बर्फ घरात असतोच. बाटली बाहेर काढल्यावर धुऊन घ्यावी, एवढीच सूचना.

ग्लासात ओतलेली ७५ मिलिलिटर पांढरी वाइन ९ अंशांवरून पंधरा मिनिटांत १७ अंशांवर गेली. म्हणून उन्हाळ्यात एकदम ओतू नये, दोन-दोन घोटांएवढी ओतावी.

एक दुर्घटनाही नोंदवावी लागेल. गेल्या महिन्यात घाईने वाटेतील एका दुकानातून घेतलेली सोव्हिन्यॉनची बाटली आज उघडली, तर वाइनचा रंग गडद पिवळा आणि वास फोडून ठेवलेल्या सफरचंदासारखा. ती बाटली दुकानाच्या दर्शनी काचेत, पश्चिमेच्या उन्हात उभी होती हे मला तेव्हा दिसले होते आणि तरीही मी ती घेतली होती. दोष दुकानाचा होताच, पण खरेदी माझी होती. यापुढे बाटली आतल्या फळीवरचीच मागून घ्यायची. आठशे रुपये गेले. जाऊबाईंनी ती बाटली व्हिनेगरच्या ऐवजी वापरता येईल का असे विचारले आणि त्यांचा कांदा त्यात चांगला मुरला.

११ मे, रविवार

आंबा. देवगडात राहून हा प्रयोग टाळता येत नाही आणि तो करण्यात अर्थ नाही. हापूसच्या फोडीनंतर शेनिन ब्लाँ लिंबाच्या पाण्यासारखी आणि ब्रूट ही फसफसणारी कोरडी वाइन तर तुरटीसारखी लागली. गोड खाल्ल्यावर कमी गोड पेय आंबट व कडू भासते, म्हणून गोडाबरोबरची वाइन त्या गोडाहून गोड असावी लागते. वेलीवर जास्त पिकवलेल्या द्राक्षांची तशी वाइन नाशिकमध्ये होते, परंतु ती आमच्या 'रोजची' या अटीत बसत नाही. शिवाय पिकलेल्या हापूसला मदतीची गरज नाही. आमरसाच्या दिवशी ग्लास कपाटात राहतील.

याच बैठकीत सोलकढीचा निकालही लावला. सोलकढी आणि वाइन एका ताटाशेजारी असू शकत नाहीत. दोघींचे काम एकच आहे, तिखट आणि तेल धुऊन जीभ मोकळी करणे, आणि ते काम सोलकढी अधिक चांगले करते : आगळाचा आंबटपणा तिच्यात आहेच, आणि नारळाच्या दुधातील स्निग्धता कॅप्सेसिन विरघळवून नेते, जे वाइनला जमत नाही. भाताच्या वेळी वाटी कोणाची, हा वाद येथे संपला.

१५ जून, रविवार

मोसमी पाऊस यंदा २५ मे रोजीच दाखल झाला, इतक्या लवकर की घराची कौले चाळायची राहिली आणि खळ्यातील सुकी मासळी घाईघाईने डब्यांत भरावी लागली. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद आहे आणि ती ३१ जुलैपर्यंत राहील. ताटात आता सुके बांगडे, सोडे आणि जवळा.

ताट : निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बांगड्याची किसमूर, पेज, जवळ्याची चटणी. वाइन : ब्रूट, ७ अंश. ही बाटली नऊशेच्या अटीत बसत नव्हती. यजमानांच्या वाढदिवसाची उरलेली असल्याने सवलत दिली.

माझा अंदाज होता की काहीही जुळणार नाही. सुक्या माशात साठलेली मांसल, खोल चव, जिला जपानी शब्द उमामी आता आपल्याकडेही वापरला जातो, ती वाइनचा कडवटपणा वाढवते. परंतु मीठ तोच कडवटपणा दाबते, आणि सुक्या बांगड्यात मिठाची कमतरता कधीच नसते. किसमुरीत चुरलेला बांगडा, कच्चा कांदा, ओले खोबरे आणि तिखट. सोल घातलेच तर नावाला, आज घातले नव्हते. बुडबुड्यांनी खारटपणा उचलून नेला, खोबरे गोड लागले, आणि निखाऱ्याचा धुरकट वास वाइनच्या पावासारख्या वासाशी जाऊन मिळाला. बाहेर पाऊस धरून होता. शहरातील उपाहारगृहात या वाइनबरोबर काय वाढतात मला माहीत आहे. त्यापेक्षा ही पेज आणि किसमूर सरस होती, असे मी कोणताही प्रादेशिक अभिमान बाजूला ठेवून लिहिते.

जवळ्याच्या चटणीत लसूण अधिक होता. लसणाने ब्रूट आटोपली. त्याच चटणीबरोबर दुसऱ्या दिवशी रोझे टिकली.

सासूबाईंनी ब्रूटचा वास घेतला नाही, कानाशी धरून बुडबुडे ऐकले.

२२ जुलै, मंगळवार

परवा दीप अमावस्या, त्यानंतर श्रावण. महिनाभर घरात मासे, मटण आणि वाइन काहीही येणार नाही, आणि त्यापुढे गणपती. म्हणून नोंदवही आज येथवर आणून ठेवते.

सहा महिन्यांत कपाटातील साठा आपोआप बदलला आहे. पहिल्या साठ्यातील शिराझ संपल्यावर ती पुन्हा आणलीच नाही. शेनिन ब्लाँच्या सात बाटल्या संपल्या, रोझेच्या पाच. सोव्हिन्यॉन केवळ तळणीच्या दिवशी निघते. खरेदीच्या यादीत आता माशाचे नाव लिहिणे मी सोडले आहे; पदार्थापुढे 'सोल आहे', 'सोल नाही', 'तिरफळ' एवढेच लिहिते आणि त्यावरून बाटली ठरते. सुरमई, पापलेट, कोलंबी यांतील फरकाने वाइन बदलावी लागली असे एकदाही झाले नाही, आणि एका चमचा आगळाने मात्र प्रत्येक वेळी बदलावी लागली.

जेवणाचा क्रमही कोणी न ठरवता बदलला. पूर्वी सर्व पदार्थ एकदम वाढले जात. आता तळलेली तुकडी किंवा किसमूर आधी येते, त्याबरोबर ग्लास, आणि ग्लास रिकामे झाल्यावर भात, सार, सोलकढी. वाइनसाठी स्वयंपाक बदलायचा नाही ही अट पाळली गेली; वाढपाबद्दल अटीत काही म्हटले नव्हते, असे जाऊबाईंनी काल स्वतःच निदर्शनास आणून दिले. तळणीचा मासा तव्यावरून थेट ताटात येत असल्याने तो गरम मिळतो, हा त्यांच्या दृष्टीने खरा लाभ.

कुर्ल्यांचा प्रयोग राहिला आहे. कुर्ल्यांचे मांस गोडसर, पण आमच्याकडे त्यांचे सार नांग्या वाटून दाट, तिखट आणि सोल घालून करतात, शिवाय दोन्ही हात कोपरापर्यंत भरतात, त्यामुळे ग्लास कोण आणि कसा धरणार हा प्रश्न चवीच्याही आधीचा आहे. केवळ उकडलेल्या कुर्ल्या आणि शेनिन ब्लाँ असा मार्ग मी सुचवला आहे. त्यावर जाऊबाईंचे उत्तर अद्याप आलेले नाही.

शेनिनच्या दोन बाटल्या कोठीघरातील सर्वांत खालच्या फळीवर, तांदळाच्या कणगीमागे आडव्या ठेवल्या आहेत. तेथील तापमान आज २७ अंश.